नाव डाव्या कानाचं, चक्कर उजव्या कानाची: ऊसतोडीला जाणाऱ्या एका मावशींची केस

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावची ही केस आहे. बाई वय 47, नवरा-बायको मिळून एक कोयता, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जायचं आणि पाडव्याच्या आसपास गावी परत. नाव, गाव, कारखाना काहीच लिहीत नाहीये, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत, त्यांना इथं नुसतं मावशी म्हणते. मी तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर आहे, कानाची स्पेशालिस्ट नाही, ओपीडीत जे येईल ते बघते. ही केस लिहावी वाटली त्याचं कारण हेच, की यातलं निम्म्याहून जास्त काम एका साध्या कॉटवर, कुठलंही मशीन न लावता झालं, आणि तरी त्या कॉटपर्यंत पोचायला मावशींना दीड महिना लागला.

आधीचा इतिहास दोन गोष्टींचा. एक म्हणजे डावा कान लहानपणापासून वाहायचा, आता बराच काळ कोरडा आहे पण पावसाळ्यात डोक्यावरून पाणी घेतलं की पुन्हा ओला होतो आणि त्या कानानं ऐकू कमी येतं. दुसरी म्हणजे गर्भपिशवी काढलेली, वयाच्या बत्तिशीतच. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांवर 2019 मध्ये राज्य सरकारनं चौकशी समिती नेमली होती ते बऱ्याच जणांना आठवत असेल. त्याचा चक्करशी काय संबंध ते पुढं येईल.

मावशींचं काम काय ते कळल्याशिवाय या चक्करचं गांभीर्य कळत नाही. ऊस तोडून मोळ्या बांधल्या की गाडी भरायची. मोळी डोक्यावर घ्यायची, ट्रॉलीला टेकवलेल्या अरुंद फळीवरून चढायचं, वर नेऊन टाकायची, उतरायचं, पुन्हा दुसरी. बऱ्याचदा हे रात्री, अंधारात, कारण गाडी येईल तेव्हा भरावीच लागते. त्या फळीवर मान वर केली आणि डोकं गरगरलं तर धरायला काहीही नसतं. आणि गेलं नाही तर खाडा, म्हणजे एका दिवसाला कुठं 500 कुठं 1000 रुपये कापतात, वर घेतलेली उचल, म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे, फिटत नाही ते वेगळंच.

अडचण काय होती

पोळ्यानंतर कधीतरी मावशी शेळ्यांच्या शेडमधून बाहेर येताना पत्र्याच्या अँगलला डोकं जोरात लागलं. टेंगूळ आलं, उतरलं, विसरून गेल्या. पुढच्या तीन-चार दिवसांत पहाटे कूस बदलताना अचानक सगळं घर फिरलं, उलटी झाली, घाम फुटला, आणि मिनिटभरात थांबलं पण. मग रोजच. झोपताना, उठताना, झाडायला वाकलं की, दोरीवर कपडे टाकायला वर बघितलं की.

"मॅडम, झोपायची भ्याच वाटायली. झोपलं की घर फिरायलंय." असं त्या म्हणाल्या तेव्हा मी विचारलं की मग झोपता कसं, तर नवरा म्हणाला की महिना झाला ही बसूनच झोपती, ज्वारीच्या पोत्याला पाठ लावून, मानेला वाकळीची घडी देऊन. महिनाभर बसून झोपणारी बाई दिवसा सोयाबीन काढायला जात होती.

तोपर्यंतचा प्रवास आपल्याकडे नेहमी होतो तसाच. गावात बीपी बघितलं, जरा कमी भरलं म्हणून अशक्तपणा, सलाईन, त्यात पिवळं इंजेक्शन. दोन दिवस बरं वाटलं (झोपून राहिल्या आणि डोकं हललं नाही म्हणून वाटलं असणार). मग दुसरीकडं मानेचा एक्सरे, मणक्यात गॅप आहे, पट्टा घाला. मग चक्करच्या गोळ्या दिवसाला तीन, त्यानं डोकं जड, दिवसभर पेंग, चक्कर मात्र आहे तिथंच. सासूबाईंनी कानात लसूण घालून गरम केलेलं तेल सोडलं, डाव्या. घरातल्या सगळ्यांचं आधीच ठरलं होतं की खराब कान डावा, तर चक्कर त्याचीच.

शेवटी शहरातल्या एका दवाखान्यात पडद्याला भोक आहे, ऑपरेशन करून पडदा बसवा असं सांगितलं. ऑपरेशन केलं की चक्कर जाईल असं तिथं कुणी म्हणालं की यांनीच तसं धरून घेतलं ते सांगता येत नाही, पण नवऱ्यानं टोळी नेणाऱ्या मुकादमाकडं उचल वाढवून मागितली होती आणि मुकादम तयार होता. पैसे घ्यायच्या आधी ते माझ्याकडं आले, ते पण बीपीची गोळी लागेल का विचारायला.

कान दोन कामं करतो, हे इथं समजून घ्यावं लागतं

कान म्हटलं की आपल्याला ऐकणंच आठवतं. आवाज कानाच्या नळीतून जातो, ती जेमतेम अडीच सेंटीमीटरची, तिच्या टोकाला पडदा. पडदा थरथरला की त्याच्या मागची तीन इवलीशी हाडं हलतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे आपल्या अंगातलं सगळ्यात लहान हाड, साधारण तीन मिलिमीटरचं. या तिघांचं काम म्हणजे हवेतला आवाज आतल्या पाण्यात पोचवणं, जे सोपं नाही, कारण हवेतला आवाज पाण्यावर आदळला की बहुतेक सगळा परत फिरतो. पडदा मोठा आणि रिकिबीखालची खिडकी त्याच्या सतरा पट लहान, त्यात हाडांची तरफ, असं मिळून दाब वीस पटीच्या वर वाढतो आणि मग कुठं आतल्या शंखात, म्हणजे शंखासारख्या वेढ्यांच्या पाण्यानं भरलेल्या भागात, लाट उठते. शंखाला अडीच-पावणेतीन वेढे असतात. त्यात बारीक केसांच्या पेशी, तार आवाज सुरुवातीच्या वेढ्यात आणि खर्ज शेंड्याला ऐकला जातो. या पेशी मेल्या की माणसात परत येत नाहीत.

मावशींच्या डाव्या कानात बिघाड होता तो या रस्त्याच्या मधल्या भागात, पडद्याला भोक. आवाज आत पोचताना कमी होत होता, आतला शंख बरा होता.

दुसरं काम तोलाचं. शंखाला चिकटूनच आणखी एक भाग आहे, त्यात तीन अर्धगोल नळ्या एकमेकींना काटकोनात आणि त्यांच्या बुडाशी दोन छोट्या पिशव्या. नळ्यांमध्ये पाणी. डोकं वळलं की नळी वळते पण पाणी क्षणभर मागं राहतं, आणि त्या रेट्यानं नळीतला जेलीसारखा पडदा वाकतो, मेंदूला कळतं डोकं कुठं वळलं. पिशव्यांमध्ये जेलीवर चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, अतिशय बारीक कण बसवलेले असतात. डोकं कललं की ते वजनानं ओढले जातात, त्यावरून खाली कुठं आणि वर कुठं ते कळतं.

ही माहिती लगेच डोळ्यांकडं जाते, सेकंदाच्या शंभराव्या भागात. मोबाईल हातात धरून जोरजोरात हलवा, अक्षरं वाचता येत नाहीत. आता मोबाईल स्थिर ठेवा आणि तेवढ्याच वेगानं मान हलवा, वाचता येतं. हे कान करतो. डोकं उजवीकडं गेलं की डोळे तेवढेच डावीकडं फिरवतो. म्हणून तोलाचा बिघाड शोधायचा तर डोळ्यांत बघावं लागतं.

मावशींच्या बाबतीत झालं असं की डोक्याला मार लागून पिशवीतले काही कण सुटले आणि मागच्या बाजूच्या नळीत शिरले. आता डोकं त्या बाजूला नेलं की ते कण नळीत घरंगळतात, पाणी ढकलतात, आणि डोकं थांबलं तरी मेंदूला सांगावा जातो की अजून गरगर फिरतंय. कण तळाशी बसले की थांबलं. म्हणून मिनिटभरच. याला डॉक्टर बीपीपीव्ही म्हणतात. याचा ऐकण्याशी संबंध नाही, ऐकायला ठणठणीत असलेल्या कानातही हे होतं. मावशींच्या घरात उजव्या कानावर कुणाचा संशयच गेला नाही तो त्यामुळं.

समोर कोणते पर्याय होते

पहिला, गोळ्या चालू ठेवून या सीझनला न जाणं. उचल अंगावर राहणार आणि चक्कर तशीच राहण्याची शक्यता, कारण गोळीनं कण जागेवर जात नाहीत, फक्त मळमळ आणि जाणीव दबते. काही गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर हात कापणं, चाल मंद होणं असले त्रास होतात.

दुसरा, जास्तीची उचल घेऊन पडद्याचं ऑपरेशन. ऑपरेशन चुकीचं नाही, कान कोरडा राहायला आणि ऐकू यायला ते उपयोगाचं आहे, पण या चक्करचं उत्तर ते नाही. ऑपरेशन करून चक्कर राहिली असती तर कर्ज पण आणि चक्कर पण.

तिसरा, मेंदूचा एमआरआय. हा विचार मी गंभीरपणे केला. चक्कर कधीकधी मेंदूच्या मागच्या भागातल्या अटॅकची असते. पण त्यात बोलणं जड होणं, एकाचं दोन दिसणं, तोंड वाकडं, हातापायाला मुंग्या किंवा ताकद कमी, आधाराशिवाय उभंच न राहता येणं, अचानक भयंकर डोकं दुखणं असलं काहीतरी बहुतेक वेळा सापडतं, आणि चक्कर नुसती कूस बदलल्यावर मिनिटभर येऊन पूर्ण थांबत नाही. मावशींमध्ये यातलं काही नव्हतं. सरळ रेषेत चालल्या, बोट नाकाला नीट लावलं.

चौथा, कॉटवर झोपवून टेस्ट करणं आणि निघालं तर तिथंच उपचार. खर्च शून्य. दीड महिन्यात हे कुणी केलं नव्हतं.

निर्णयाची पहिली जागा: काय विचारायचं

बहुतेक ठिकाणी मावशींना चक्कर "कशी" येते ते विचारलं गेलं आणि त्या दर वेळी वेगळं सांगत होत्या, कधी गरगर, कधी घेरी, कधी अंधारी, त्यामुळं निदानही दर वेळी वेगळं. मी कधी येते आणि किती वेळ राहते यावर भर दिला. उभं राहिल्यावरच येत असेल तर बीपीचा विचार. तासभर किंवा काही तास टिकत असेल, सोबत कानात दडे, आवाज, ऐकू कमी-जास्त होत असेल तर आतल्या कानाचा दुसरा आजार. सलग दोन-तीन दिवस थांबतच नसेल तर तोलाच्या नसेची सूज किंवा मेंदूचं काही. आणि कूस बदलली की मिनिटभर असेल तर कण. अंथरुणावर पडल्या पडल्या येणारी चक्कर बीपी कमी झाल्याची कशी असेल, हा साधा प्रश्न आहे.

दुसरी जागा: डावा कान धोक्याचा तर नाही ना

वाहणारा कान आणि चक्कर एकत्र दिसले की घाबरायलाच पाहिजे, कारण कानाची सड हाड खात आतल्या नळीपर्यंत गेली तर चक्कर येते आणि तो प्रकार जीवावरचा असतो. म्हणून डावा कान नीट बघितला. पडद्याच्या मधोमध कोरडं भोक, घाण वास नाही, पांढरं साचलेलं काही नाही. कानाच्या तोंडाशी बोटानं दाब देऊन बघितलं, चक्कर आली नाही, डोळे हलले नाहीत. ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवला तर आवाज डाव्या कानात मोठा आला. मावशींना आश्चर्य वाटलं, खराब कानात जास्त कसं ऐकू येतं म्हणून, पण पडद्याचा दोष असला की असंच होतं. आतली नस बरी आहे याची ती खूण.

काय केलं

मानेच्या पट्ट्यामुळं आधी मान हळूहळू सगळीकडं फिरवून बघितली, दुखणं नव्हतं. मग कॉटच्या काठापासून मोजून बसवलं, म्हणजे मागं झोपवल्यावर डोकं काठाबाहेर येईल असं. शेजारी बादली. नवऱ्याला सगळं आधी सांगितलं, चक्कर येणार आहे, आलीच पाहिजे, तीच बघायचीय.

डावीकडं मान वळवून झटकन मागं झोपवलं. काही नाही. बसवलं. मग उजवीकडं 45 अंश, मागं झोपवलं, डोकं जरा लटकतं. चार-पाच सेकंद काहीच नाही आणि मग सुरू. दोन्ही बुबुळं उजव्या कानाकडं पीळ दिल्यासारखी झटके घेत फिरायला लागली आणि सोबत वर कपाळाकडं उसळत होती. मावशींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीचे वळ उठले. ही टेस्ट लंडनमधल्या डिक्स आणि हॉलपाइक यांनी 1952 मध्ये लिहून ठेवलीय आणि डोळ्यांचं हे असं फिरणं एकदा बघितलं की विसरत नाही.

इथं तिसरी निर्णयाची जागा आली. नवरा पुढं आला, "सोडा मॅडम, उठवा तिला, मरंल ती." त्या क्षणी उठवणं सोपं होतं आणि बहुतेक ठिकाणी टेस्ट इथंच सुटत असणार. पण उठवलं तर कण परत होते तिथंच. मी त्याला म्हटलं, भाऊ, तुम्ही तीसपर्यंत आकडे म्हणा, मोठ्यानं. त्यानं म्हणायला सुरुवात केली आणि वीस व्हायच्या आत मावशी म्हणाल्या, "थांबलं."

मग पुढचं तसंच सलग. झोपलेल्याच अवस्थेत डोकं डावीकडं 90 अंश फिरवलं, थांबलो. मग अंग डाव्या कुशीवर आणि तोंड जमिनीकडं, थांबलो. मग त्याच बाजूनं उठवून बसवलं, हनुवटी जरा खाली. उठवताना त्यांना कुणी मागं ढकलल्यासारखं झालं म्हणून खांदे धरूनच ठेवले होते. याला एप्ली पद्धत म्हणतात, अमेरिकेतल्या जॉन एप्ली या कानाच्या डॉक्टरांची, त्यांचा पेपर 1992 चा. गवंडी लेव्हल पाईपमधला बुडबुडा काढायला पाईप ज्या क्रमानं उचलतो तसंच, नळी अशा क्रमानं फिरवायची की कण दुसऱ्या टोकानं निघून पिशवीत पडावेत. थोड्या वेळानं पुन्हा टेस्ट केली तर डोळे अगदी किंचित हलले, पुन्हा एकदा सगळं केलं.

चक्करच्या गोळ्या बंद केल्या. पट्टा काढायला सांगितला. कानात तेल पूर्ण बंद, पडद्याला भोक असताना ते सरळ मधल्या कानात उतरतं. नंतर बसून झोपायची गरज नाही, आडवं झोपा म्हटलं, तेवढ्यावर मात्र त्यांचा विश्वास बसत नव्हता.

निकाल

आठवड्यानं आल्या तेव्हा आडव्या झोपत होत्या. उजव्या कुशीवर थोडं गरगरतं म्हणाल्या, टेस्ट पुन्हा जराशी आली, पुन्हा एप्ली, त्यानंतर काही नाही. रक्तात डी जीवनसत्त्व फार कमी निघालं. गर्भपिशवी लवकर काढलेल्या बाईची हाडं लवकर झिजायची भीती असते, विशेषतः अंडाशयही काढले असतील तर, आणि हाडं ठिसूळ असणाऱ्यांमध्ये हे कण सुटण्याचं प्रमाणही जास्त दिसतं. दक्षिण कोरियातल्या 2020 च्या एका मोठ्या अभ्यासात डी कमी असणाऱ्यांना डी आणि कॅल्शियम दिल्यावर चक्कर परत येणं कमी झालं होतं. ते चालू केलं.

सीझनला जायचं की नाही हा सगळ्यात अवघड निर्णय होता आणि तो त्यांचा होता. न जाणं परवडणार नव्हतं हे उघड आहे. मी एवढंच मागितलं की पहिला महिना मावशींनी फळी चढायची नाही, तोडणी आणि मोळ्या बांधणं करायचं. नवऱ्यानं टोळीतल्या दुसऱ्या कोयत्याशी बोलून तसं जमवलं, त्यांच्या मोळ्या दुसऱ्यानं चढवायच्या, बदल्यात मावशींनी त्यांचं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, बांधून द्यायचं. मुकादम कुरकुरला पण चाललं. वाढीव उचल घेतली नाही.

जायच्या आधी नवऱ्याच्या मोबाईलवर दुसऱ्यांदाच्या एप्लीचा व्हिडिओ काढून दिला होता आणि कॉटवर त्याच्याकडून एकदा करूनही घेतलं. डिसेंबरात फोन आला, सकाळपासून पुन्हा तसंच, उजव्याच कुशीवर. बोलणं, चालणं, हात-पाय सगळं विचारून घेतलं, मग त्यानंच खोपीत केलं. खोपीत कॉट कुठून असणार, तर जमिनीवर पाचट, त्यावर सतरंजी, आणि खांद्याखाली वाकळीची जाड घडी म्हणजे डोकं आपोआप मागं लटकतं. फोन स्पीकरवर, तो मोठ्यानं आकडे म्हणत होता. दुसऱ्या दिवशी खाडा न होता काम.

पाडव्याला परत आल्यावर डाव्या कानाची ऐकण्याची तपासणी करून घेतली, आतली नस बरी आहे. पडद्याचं ऑपरेशन आता त्यांना हवंय, ऐकू यावं आणि पावसाळ्यात कान वाहू नये म्हणून, फुले योजनेत बसतंय का त्याची चौकशी चालू आहे.

काय वेगळं करता येईल

पहिल्याच दवाखान्यात मावशींना दोन्ही बाजूंना एकेकदा झोपवून बघितलं असतं तर दीड महिना वाचला असता. यासाठी कानाचा डॉक्टर लागत नाही, उपकेंद्रातल्या सीएचओंनाही (समुदाय आरोग्य अधिकारी) अर्ध्या दिवसात शिकवता येतं, आणि मी आमच्या तालुक्यात ते सुरू करायच्या मागं आहे. मान दुखत असेल तर मागं लटकवायच्या ऐवजी कुशीवर पाडून करायची पद्धत आहे, ती पण सोबतच शिकवावी. एक्सरेतला गॅप चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेत दिसतो, त्यावर चक्करचं खापर फोडणं थांबायला पाहिजे.

डोक्याला मार लागला होता हे मावशींनी आपणहून सांगितलं नव्हतं, त्यांच्या लेखी तो मार नव्हताच. मागच्या महिनाभरात डोकं कुठं आपटलं का, हा प्रश्न थेट विचारावा लागतो. गर्भपिशवी काढलीय का हा पण.

आणि टोळ्या निघायच्या आधी गावोगावी जी आरोग्य तपासणी होते त्यात बीपी-शुगर सोबत एक ओळ वाढवता येईल, झोपताना-उठताना घर फिरतं का. हो म्हणणाऱ्या बाईला तिथंच झोपवून बघावं, आणि केस निघाली तर कुठल्या कानाची, काय केलं, परत आली तर काय करायचं एवढं मराठीत एका चिठ्ठीवर लिहून द्यावं. मावशींच्या नवऱ्याकडं तशी चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डाबरोबर होती. डिसेंबरात फोन लागायच्या आधी त्यानं ती टोळीतल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घेतली होती, त्यामुळं डोकं कुठल्या बाजूला न्यायचं हे मला फोनवर सांगावं लागलं नाही.